तू फक्त सुरी लाव

“तू फक्त सुरी लाव. बाकी मी बघते.”

काकूंचं हे वाक्य ठरलेलं. ओट्यावर अख्खा लाल भोपळा, खाली फरशीवर बिल्डिंगमधली सगळी चिल्लीपिल्ली, आणि काकूंच्या हातात सुरी. पातं स्वतःकडे, मूठ माझ्याकडे. सुरी अशीच द्यायची असते, हे त्यांनी सगळ्या पोरांना पढवलं होतं. मी सुरी घ्यायचो, भोपळ्याच्या डोक्यावर एक चीर मारायचो आणि तशीच मूठ मागे करून सुरी परत द्यायचो. काकू ती मागच्या मागे उचलायच्या. माझं काम खलास. एवढ्यासाठी मला दोन मजले वर बोलावणं यायचं.

तुम्ही म्हणाल, एवढी धडधाकट बाई, पाण्याची मोठी बाटली एका हाताने उचलून फिल्टरवर उलटी करणारी, तिला भोपळा चिरता येत नव्हता? मीही पहिल्यांदा तेच विचारलं.

“अख्खा भोपळा बाईने आधी चिरायचा नसतो रे. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. आईनेच त्याला सुरी लावायची का?”

“मग मी लावलेली चालते?”

“तू पुरुष आहेस ना. निदान तुझ्या व्हिसावर तरी तसं लिहिलंय.”

बघा म्हणजे. मी अख्ख्या बिल्डिंगची टिंगल करायचो आणि काकू माझी.

शारजात, अल नहदामध्ये, आमची बिल्डिंग. मी मूळचा विट्याचा. मावसभावाने बोलावून हमरिया फ्री झोनमधल्या एका खोक्यांच्या कंपनीत चिकटवलं आणि स्वतःच्या हॉलमधला सोफा झोपायला दिला. माझ्याकडे डिग्री बेताची, पण नकला भरपूर. आमच्या नातूरची म्हणजे वॉचमनची, माझ्या मॅनेजरची, स्कूल बसमधल्या बाईंची, वहिनी लिफ्टमध्ये शेजारणीशी इंग्लिश बोलते त्याची. काकूंनी माझं नाव ठेवलं नकल्या. पोरांनी त्याचं केलं ‘नकल्या अंकल’. अजून काही जण, आता दाढीमिशा आलेले, मला तशीच हाक मारतात.

काकूंचे यजमान समुद्रात, तेलाच्या रिगवर. आठवडेच्या आठवडे तिकडेच. मुलगा एकच, निखिल, बारावीत. त्यामुळे काकूंकडे दुपारी वेळ आणि चारनंतर पोरं. ज्यांच्या आया ऑफिसातून उशिरा यायच्या ती सगळी काकूंच्या हॉलमध्ये. काकू त्यांना काही ना काही करायला बसवायच्या. राख्या, मातीचे बैल, कंदील. एकदा पोरं शाळेतून आली ती ‘हॅलोविन, हॅलोविन’ करत. सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकचे सांगाडे टांगलेले त्यांनी पाहिले होते.

काकूंनी मला विचारलं, “हे काय असतं रे?”

मलाही कुठे माहीत! विट्यात भुतं होती, पण त्यांचा सण नव्हता. मी ठोकून दिलं, “काकू, त्यांची सर्वपित्री.”

“मग आपल्याला काय अवघड आहे? भुतंच करायची ना?”

झालं. मी कंपनीतून टाकाऊ पुठ्ठा आणायचो. लबानच्या, म्हणजे तिथल्या ताकाच्या, रिकाम्या पांढऱ्या बाटल्या पोरं घरून आणायची. बाटली उलटी केली, मार्करने डोळे-तोंड काढलं की भूत. काळ्या कचऱ्याच्या पिशव्या कापून वटवाघळं. अंड्यांच्या ट्रेची वाटी, तिला तारेचे पाय, की कोळी. चिकटवायला विकतचा गोंद नाही. काकू मैद्याची खळ शिजवायच्या. पातेलंभर. तनू नावाची एक सहा वर्षांची पोरगी होती, ती खळ चाटायची. काकू म्हणायच्या, “चाट, पण भुताला पुरव.”

भूत तयार झालं की काकू त्याच्या गालावर काजळाची तीट लावायच्या.

“काकू, व्हाय धिस डॉट?” तनू.

“दृष्ट लागू नये म्हणून.”

“बट ही इज अ घोस्ट!”

“मग? एवढं गोंडस केलंयस, लागणार नाही होय?”

मग त्या भुतांची जातवारी सांगायच्या. हा वेताळ, ही हडळ, हा मुंजा. मुंजा म्हणजे काय? मुंज झाली पण लग्न व्हायचं राहिलं असा मुलगा. सगळी पोरं हळूच माझ्याकडे बघायला लागली. तनूने विचारलंच, “लाइक नकल्या अंकल?”

काकू इतक्या हसल्या की हातातली वाटी सांडली.

पोरं भुतं होऊन दारोदार जायची, पण त्याआधी काकू प्रत्येक घरी फोन करायच्या. “पोरं येतायत. काहीतरी गोड ठेवा. आणि जरा घाबरा हं, नाहीतर हिरमुसतात.” आमची वहिनी इतकी मन लावून घाबरायची की एकदा नातूर धावत वर आला. काकू स्वतः चॉकलेट द्यायच्या नाहीत. भोपळा कोरून आत दिवा ठेवायचा, आणि जो गर निघायचा त्याचे घारगे. पोरं दारात उभी राहून ओरडायची, “ट्रिक ऑर घारगे!”

आता निखिलबद्दल. पहिल्या वर्षी भोपळ्याला सुरी त्याने लावली होती. मी नुसता बघायला होतो. तो कानातले हेडफोन न काढता आला. “मम्मा, यू अँड युअर रूल्स,” म्हणाला, खच्चकन चीर मारली आणि चालता झाला. उंच, वाकून चालणारा. शारजातच जन्मलेला. मराठी कळायचं सगळं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. घराबाहेर पडताना त्याचं एकच पालुपद, त्यात ‘चला’साठी अरबी ‘यल्ला’. “मम्मा, चिल ना. यल्ला, बाय.”

आणि काकू दारापर्यंत मागे जाऊन म्हणायच्या, “बाय म्हणू नये रे. येतो म्हणावं.”

लिफ्टचं दार बंद व्हायचं.

मी त्याची नक्कल करायचो. मान वाकडी, आवाज नाकात, शेवटचा ‘बाय’ अर्धवट गिळलेला. पोरं लोळायची. काकू आतून, न बघता, सवयीने ओरडायच्या, “येतो म्हणावं!” मग मी आहे हे कळलं की फुलपात्र फेकून मारायच्या.

बारावी झाली आणि निखिलला इंडियात पाठवायचं ठरलं. शारजात राहणाऱ्या सगळ्यांच्या घरात ही वेळ यायची. मुलगा अठराचा झाला की बापाच्या व्हिसावर ठेवायला हजार कटकटी, आणि तिथली कॉलेजं परवडायची नाहीत. सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्याला सीट मिळाली. म्हणजे माझ्याच मुलखात. मी काकूंना म्हटलं, “काकू, काळजी नको, आमच्याकडची माणसं लई प्रेमळ.” खरीच आहेत. फक्त प्रेम करायच्या आधी ती वर्षभर चेष्टा करतात.

होस्टेलवर पोरांनी त्याचं नाव ‘शेख’ ठेवलं. वर्गात सर मराठीत विनोद करायचे, सगळे हसून झाल्यावर हा हसायचा. काकू त्याला फोन करायच्या तेव्हा कधी कधी मी तिथे असायचो. काकूंच्या बाजूचं तेवढं ऐकू यायचं. “जेवलास का? मग काय जेवलास? अरे, सगळ्यांनाच होतं तसं सुरुवातीला… हो… हो रे राजा… सेमिस्टर संपू दे, मग बघू.” फोन ठेवला की काकू थोडा वेळ फोनची वायर सरळ करत बसायच्या. ती सरळ व्हायची नाही. गुंडाळीचीच वायर ती.

त्या वर्षी भोपळ्याला सुरी मी लावली. माझं वर बोलावणं सुरू झालं ते तेव्हापासून. नंतर जे दिसेल ते काकू माझ्यापुढे करायच्या. घारग्यांचा भोपळा, कलिंगड, फणस. “घरात पुरुषमाणूस नाही, तूच ये.” मी म्हटलं, “काकू, फणसाला पण थोरला मुलगा?” त्या म्हणाल्या, “नाही रे, तो मेहुणा. पण तू ये.”

खळ ढवळता ढवळता मधूनच म्हणायच्या, “नकल्या, निखिल करून दाखव.”

मी करायचो. “मम्मा, चिल ना. यल्ला, बाय.”

“येतो म्हणावं,” काकू पातेल्यात बघून म्हणायच्या. आता फुलपात्र यायचं नाही.

देशाबाहेर सहा महिने राहिलं की तिथला व्हिसा जातो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. निखिलची परीक्षा पुढे गेली, मग परत पुढे गेली, आणि त्या भानगडीत त्याचे सहा महिने उलटले. व्हिसा गेला. काकू मला म्हणाल्या, “आता त्याला यायचं तर व्हिजिट व्हिसा काढायचा. अरे, स्वतःच्या घरी पाहुणा?” मी काहीतरी विनोद करणार होतो. सुचला नाही.

मग पुढचं हॅलोविन आलं. गुरुवार होता. आमच्याकडे तेव्हा गुरुवारी अर्धा दिवस. मी पुठ्ठ्याची चळत घेऊन वर गेलो तर दार उघडं, पोरं फरशीवर बाटल्यांना डोळे काढत बसलेली, ओट्यावर भोपळा, गॅसवर खळ उतू जायला आलेली. काकू पॅसेजमध्ये फोनवर. मी गॅस बंद केला.

काकू आल्या. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला.

“निखिल होस्टेलवर नाहीये.”

“असेल की बाहेर कुठं. कॉलेजची पोरं म्हणजे—”

“कालपासून नाहीये. रेक्टरना आज कळलं.”

मी विट्याला भावाला फोन लावला. तो मोटरसायकल घेऊन होस्टेलवर गेला आणि तिथल्या बूथवरून त्याने उलटा फोन केला. “गादी हाय, पेटी हाय, पोरगं न्हाई. खोलीतली पोरं म्हणत्यात, शेख बॅग घिऊन गेला. घरी जातो म्हणाला.”

“घरी म्हणजे कुठं?”

“ते कुणाला ठावं न्हाई.”

काकूंनी साताऱ्याला सासरी फोन केला. तिथे नाही. माहेरी केला. तिथेही नाही. काकांना रिगवर निरोप पोचवायचा तर कंपनीच्या ऑफिसमार्फत, आणि ऑफिस दुपारीच बंद झालेलं. फोनचं कार्ड संपलं, मी खाली जाऊन दुसरं आणलं. ते खरवडताना काकूंच्या नखाखाली चंदेरी भुकटी जमत होती. नंबर लावायचा, वाट बघायची, नाही म्हणून ऐकायचं, ठेवायचा. तिथून इथे आणि इथून तिथे मधे एवढा समुद्र, आणि करायला आणखी काही नव्हतंच.

“काकू, व्हेन आर वी कटिंग द पंपकिन?” तनूने विचारलं. पोरांना काय माहीत!

पोरांचं मन रमावं म्हणून मी सुरी उचलली.

“नको!”

काकू ओरडल्या. त्या घरात एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. पोरं बाटल्या धरून बसल्या जागी थिजली.

“आज सुरी लावायची नाही. ठेव ती खाली.”

मी ठेवली. तनूने हातातली बाटली खाली ठेवली. “बट… देन वेअर विल द लाइट गो?”

 काकू फोनकडे वळल्या. मग मी माझी दुकानदारी सुरू केली. नातूर केला, मॅनेजर केला, स्कूल बसच्या बाई केल्या. वहिनी लिफ्टमधली केली. पोरं हसायला लागली. मी जीव तोडून एकामागून एक माणसं काढत होतो, कारण थांबलो असतो तर पॅसेजमधलं ऐकू आलं असतं. “हॅलो… हो, मी त्याची आई बोलतेय… नाही आला का?”

तेवढ्यात काकू येऊन माझ्याजवळ खाली बसल्या. पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

“निखिल करून दाखव ना.”

मी मान वाकडी केली. तोंड उघडलं. “मम्मा…” आलं ते माझ्याच आवाजात, विट्याच्या. परत घसा खाकरला. परत तेच. माझ्या घशात अख्खी बिल्डिंग राहत होती, आणि तेवढा एक मुलगा सापडेना.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि उठल्या. “चला रे पोरांनो. यंदा आपण भोपळ्याला कागदाचे डोळे लावू. न कापता. बघा, कसा छान दिसतो.”

पोरांनी काळे कागद कापले. एक डोळा मोठा झाला, एक लहान. दात वाकडे. काकू खळ लावून द्यायच्या आणि पोरं चिकटवायची. दिवा आत ठेवता येईना म्हणून तनूने माझा टॉर्च घेतला आणि भोपळ्याच्या मागे धरून उभी राहिली. सगळ्यात शेवटी काकूंनी काजळ आणलं. भोपळ्याच्या गालाला तीट लावताना त्यांचा अंगठा तिथेच राहिला. बराच वेळ. काळा डाग पसरत गेला.

तेव्हा फोन वाजला.

त्यांनी उचलला. मी पोरांना हातानेच गप्प केलं. इतकी शांतता झाली की पलीकडचा आवाज मला दारात ऐकू आला. मागे गाड्यांचे हॉर्न.

“मम्मा, आय एम ॲट द एअरपोर्ट. दे आर नॉट लेटिंग मी कम होम.”

पोरगं मुंबईला गेलं होतं. साठवलेल्या पैशांचं तिकीट काढलं, पासपोर्ट घेतला आणि विमानतळावर जाऊन उभं राहिलं. व्हिसा गेलाय हे त्याला माहीत होतं. तरी गेला. काउंटरवरच्या माणसाला म्हणाला, माझं घर आहे तिथे. त्या माणसाने पासपोर्ट चाळून परत दिला. रात्रभर हा बाहेर बॅगेवर बसून होता, आणि सकाळी परत रांगेत. काउंटरवर दुसरा माणूस आला होता ना, म्हणून.

काकू रडल्या नाहीत. म्हणाल्या, “पाणी प्यायलास का? आधी पाणी पी. मग तिथेच बस. कुठे जाऊ नकोस. तुला येता येत नाही ना? मग मी येते.”

सकाळच्या विमानाने त्या गेल्या. बॅग भरताना भोपळा माझ्या हातात दिला. “हा तुझ्याकडे ठेव. कापू नकोस. मी सांगेन तेव्हा.”

“किती दिवस टिकेल, काकू?”

“अख्खा असला की टिकतो रे.”

त्या परत आल्या नाहीत. कॉलेजजवळ दोन खोल्या घेऊन राहिल्या. काका कंपनीच्या कॅम्पमध्ये गेले, फ्लॅट सोडला. तिथे एक दुसरं कुटुंब आलं, त्यांच्या दाराला छान घंटी होती. चार वाजले की आमची पोरं आपापल्या घरी टीव्ही लावून बसायला लागली.

भोपळा आमच्या हॉलमध्ये चपलांच्या कपाटावर. वहिनी रोज म्हणायची, “टाका तो, वास सुटेल.” एसीत खळ वाळून डोळे गळून पडायचे. येता-जाता कुठलं तरी पोर वर येऊन ते परत चिकटवून जायचं. खळ कुणाला येत नव्हती, म्हणून सेलोटेपने. “व्हेन आर वी कटिंग हिम?” तनू विचारायची. मी म्हणायचो, “इन्शाल्ला.” तिकडे राहिलं की कळतं, ज्याला उत्तर नसतं त्याला हे उत्तर असतं.

थंडी संपत आली तेव्हा काकूंचा फोन आला. मी तेच नेहमीचं, “काय काकू, आमच्या मुलखात चेष्टा करतात का नाही तुमची?” त्या हसल्या. म्हणाल्या, शेजारची पोरं चार वाजता येतात, काल पतंग केले, खळीला इथे मैदा चांगला मिळतो. मागे कोणीतरी चप्पल घालत होतं. एक दणकट आवाज आला, “आई, यतो गं! डबा घेतलाय!”

“कोण आलंय काकू, घरमालक?”

“अरे, निखिल आहे. कॉलेजला चाललाय.”

 आवाज माझ्याच गावचा होता, आणि मला ओळखू आला नव्हता. माझ्याकडे होता तो निखिल जुना झाला होता. आता त्याची नक्कल करून दाखवली तर त्याची आईसुद्धा विचारेल, हा कोण?

“भोपळा आहे का रे अजून?” काकूंनी विचारलं.

“आहे की. अख्खा.”

“मग लाव आता सुरी. पोरांना बोलाव.”

पोरं आली. सगळी नाही, दोघं-तिघं दुसऱ्या बिल्डिंगीत गेली होती. तनूने कागदाचे डोळे अलगद काढून खिशात ठेवले. वहिनी नाकाला पदर लावून लांब उभी राहिली. मी भोपळ्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या वाळलेल्या काजळाचा डाग गालावर तसाच होता. सुरी टेकवली, जोर दिला. वास आला नाही. चीर पडली, आत केशरी, ओला, ताजा.

आणि मी सवयीने, न बघता, मूठ मागे करून सुरी परत द्यायला हात लांब केला. कुणी घेईना. पोरं माझ्याकडे बघत होती, आणि पुढचं मला काहीच येत नव्हतं.